दुसऱ्याच्या शेतातली आपली वाट

मंडळी, इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या मुलखात तुमच्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तिकडेच नेतो. बायबरीला गाडी लावायला जागा शोधायची, आर्लिंग्टन रोसमोर फोटो काढायचे, बोर्टन-ऑन-द-वॉटरला नदीकाठी आइस्क्रीम खायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. आर्लिंग्टन रोची ती दगडी घरं 1380च्या सुमाराला लोकर साठवण्यासाठी बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिथे विणकर राहायला आले. पण ही लोकर आली कुठून? गावामागच्या कुरणांतून. तिथवर गाडी जात नाही, पायवाट जाते. आज मला त्या पायवाटांबद्दल बोलायचं आहे, कारण आपली माणसं तिकडे वळत नाहीत याची मला मनापासून हळहळ वाटते.

न वळण्याचं कारण मला ठाऊक आहे. समोर फाटक दिसतं, पलीकडे कुणाचं तरी शेत, त्यात मेंढ्या. आपल्याला वाटतं, परवानगीशिवाय आत कसं जायचं? त्यातून आपण परदेशी. पण फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असेल तर ती पब्लिक फूटपाथ आहे. जमीन शेतकऱ्याची, वाट मात्र सर्वांची. तिथून चालायला कुणालाही विचारावं लागत नाही, आणि हा हक्क फक्त इथल्या नागरिकांना आहे असंही नाही. गेल्या आठवड्यात व्हिजिटर व्हिसावर आलेल्या तुमच्या आईला तो तितकाच आहे. बाण निळा असेल तर तिथून घोडेस्वार आणि सायकलवालेही जाऊ शकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे 1,40,000 मैल भरतात.

एक वाट जरा जवळून दाखवतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून रेल्वेनं दीडेक तासात मोर्टन-इन-मार्श येतं. त्याच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावर बोर्टन-ऑन-द-हिल हे गाव. (आइस्क्रीमचं बोर्टन वेगळं.) तिथून दक्षिणेला लाँगबरोपर्यंत तासाभराची पायवाट आहे. हार्ट ऑफ इंग्लंड वे या 100 मैलांच्या मार्गाचा तो एक तुकडा. गाव संपलं की किसिंग गेट लागतं. अर्धगोल कुंपणात झुलणारं छोटं फाटक, एका वेळी एकच माणूस जाईल असं. जनावराला काही ते जमत नाही. पुढे मोठमोठ्या ओक वृक्षांचं राखलेलं रान लागतं आणि उजव्या हाताला उतारावर, इंग्लंडच्या मध्यावर, चक्क एक कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट दिसतो. कोपऱ्यांवर छत्र्या, कमानी मुघल धाटणीच्या.

हे सेझिनकोट. कंपनी सरकारच्या नोकरीत आणि कलकत्त्याच्या व्यवहारात गबर झालेल्या चार्ल्स कॉकरेलनं 1805च्या सुमाराला आपल्या वास्तुरचनाकार भावाकडून ते बांधून घेतलं. सल्ला होता हिंदुस्थानची चित्रं काढून आलेल्या टॉमस डॅनियलचा. बागेतल्या पुलावर नंदी बसवले आहेत. 1807मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स इथे येऊन गेला आणि पुढे ब्रायटनला त्याचा घुमटांचा महाल उभा राहिला. पैसा आपल्याकडचा, नक्षी आपल्याकडची. तिथे उभं राहिल्यावर मनात काय काय येतं ते प्रत्येकानं स्वतःच अनुभवावं. मी लक्ष वेधतो ते दुसऱ्याच गोष्टीकडे. ही जहागीर खासगी, पण तिच्या रानातून गावकऱ्यांची या गावाहून त्या गावाला जायची वाट गेलेली आहे, आणि मालक कितीही मोठा असला तरी त्याला ती मर्जीनुसार मोडता येत नाही. 'एकदा हमरस्ता तो कायमचा हमरस्ता' असं इथलं जुनं न्यायतत्त्व आहे, आणि शेतातली पायवाटही कायद्याच्या लेखी हमरस्ताच आहे.

आता पायाखाली पाहा. मोर्टनच्या आसपासच्या सखल कुरणांत सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, जमिनीवर लाटा दिसतात. उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा, एकमेकांना समांतर. ही मध्ययुगातली नांगरट आहे. नांगर दर वर्षी माती पट्टीच्या मधोमध लोटत असे, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या मधला भाग चढत गेला. या पट्ट्या सरळ नसतात, उलट्या एस अक्षरासारख्या किंचित वळलेल्या असतात. नांगराला आठ-आठ बैल. एवढी लांब ओळ वळवायची तर शेताच्या टोकाला पोचण्याआधीच बैलांना बाजूला घ्यावं लागे. देशावर काळ्या जमिनीत नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपत, हे ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलंय, त्यांना हे वळण लगेच उमगेल. दोन्ही गोष्टी मला तिथे एकदमच आठवतात, आणि बूट चिखलानं जड झालेले असले तरी पाय पुढे निघत नाही.

या लाटा टिकल्या, कारण पुढे तिथे नांगर चाललाच नाही. जमीन मेंढ्यांना गेली. आधी एका मोठ्या मोकळ्या शिवारात सगळ्यांच्या पट्ट्या होत्या, गायरान सामाईक होतं. मग कुंपणं आली. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं 5,200हून जास्त कुंपण-कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर, म्हणजे इंग्लंडची पाचवा हिस्सा जमीन, त्यांखाली गेली. गरिबाची गाय चारायची जागा गेली, सरपण गेलं. अनेक वाटाही तेव्हा बंद झाल्या. ज्या राहिल्या त्या, या कायद्यांखाली जमिनीची वाटणी ठरवणाऱ्या निवाड्यांच्या नकाशांवर नोंदल्या गेल्या. आज एखादी विसरलेली वाट सिद्ध करायची तर अभिलेखागारात जाऊन नेमका तोच नकाशा उलगडावा लागतो.

वाटा टिकवण्याचं श्रेय कुणा एकाला देता येत नाही. 24 एप्रिल 1932ला मँचेस्टर आणि शेफील्डचे शेकडो कामगार तरुण डर्बीशरमधल्या किंडर स्काउट पठारावर बंदी मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा 20 वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. तो लढा शिकारीसाठी राखलेल्या माळरानांवर फिरायला मिळावं यासाठी होता. त्याचं फळ कायद्यात पूर्णपणे उतरायला 2000 साल उजाडलं. खेड्यांतल्या पायवाटांची गोष्ट वेगळी, शांतपणे झालेल्या कामाची. 1949च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. ठिकठिकाणी पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक संस्थेच्या, माणसांनी वाट न् वाट चालून यादी केली. त्या नकाशावर एकदा रेघ आली की वाटेचं अस्तित्व पुराव्यानिशी पक्कं. मला ही माणसं फार मोलाची वाटतात. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

आणि जिथे रेघ नाही तिथेही एक मार्ग आहे. लोक एखाद्या वाटेनं लपूनछपून नव्हे, परवानगी न मागता, उघडपणे सलग 20 वर्षं चालत आले आणि मालकानं हरकत घेतली नाही, तर ती सार्वजनिक झाली असं कायदा धरून चालतो. म्हणजे चालणं हाच पुरावा. रॅम्ब्लर्स या पायी भटकणाऱ्यांच्या संस्थेनं स्वयंसेवकांना जुने नकाशे तपासायला लावले, तर अधिकृत नकाशावर नसलेल्या 49,000 मैलांहून जास्त वाटा सापडल्या. त्यांची नोंद करायला मुदतीची तलवार टांगलेली होती. ती मुदतच काढून टाकण्याचा निर्णय सरकारनं 2024च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर ओएल45 नकाशा घ्यावा. त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवल्या आहेत. लोअर स्लॉटर ते अपर स्लॉटर ही नदीकाठची मैलभराची वाट मुलांनाही झेपेल. अपर स्लॉटरहून दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळेच्या सगळे जिवंत परतले, अशी गावं इंग्लंडमध्ये फार थोडी आहेत.

फाटक जसं असेल तसं ठेवा. मेंढ्यांच्या शेतात कुत्रा पट्ट्यानं बांधलेला हवा. मेमध्ये गाई-वासरं असतील तर लांबून जा. उभ्या गव्हात वाट दिसली नाही तर बिचकू नका. पेरणीसाठी नांगरल्यावर 14 दिवसांत शेतकऱ्यानं ती पुन्हा आखून द्यायची असते आणि पिकातून निदान एक मीटर रुंद मोकळी ठेवायची असते. नसेल ठेवली, तर शेतकऱ्याशी वाद घालू नका. फोटो काढा, नकाशावरून नेमकी जागा दाखवणारा सहा आकडी ग्रिड संदर्भ लिहून घ्या आणि काउंटी कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे विभागाला कळवा. तक्रार कुणीही करू शकतो, आणि तिची दखल घेणं हे त्यांचं काम आहे.