स्टीलच्या डब्यातला ब्लॉक

(तालुक्याच्या व्याख्यानमालेत एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. महिला मंडळाच्या ताईंनीही पुढं यावं, कारण आजचं बोलणं जास्त तुमच्याशीच आहे. घरात कुणाला काय होतंय हे आधी तुम्हाला कळतं.

मी ३१ वर्षं या गावात दवाखाना चालवतो. सर्दी, ताप, जुलाब, साखर, बीपी हे माझं रोजचं काम. मी कॅन्सरचा तज्ज्ञ नाही. तरी पोटाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरवर बोलायला उभा आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली आणि ती एका माणसाला महागात पडली.

मार्केट यार्डात हमाली करणारे गृहस्थ होते. वय ४६. कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन पळत फळी चढणारा माणूस. माझ्याकडं आले आणि म्हणाले, "डॉक्टर, मूळव्याध झालीय, रक्त पडतंय." आजाराचं नाव त्यांनीच सांगितलं आणि मी तेच कागदावर लिहिलं. मलम दिलं, इसबगोल दिला, तिखट कमी करा म्हणालो. बाहेर चाळीस पेशंट बसलेले होते. त्यांना तपासून घ्यायची लाज वाटत होती आणि तपासायचा मलाही संकोच झाला. हातमोजा घालून बोटानं तपासायला दोन मिनिटं लागतात. ती मी दिली नाहीत. पुढचे सात महिने ते अधूनमधून येत राहिले आणि मी तेच औषध पुन्हा पुन्हा लिहून देत राहिलो. एक दिवस पायऱ्या चढताना धाप लागली म्हणून आले. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन साडेसहा. सोलापूरला दुर्बिणीतून तपासणी झाली. गुदाशयाचा कॅन्सर होता, बोट पोचेल इतक्या अंतरावर.

त्यानंतर ते चौदा महिने जगले.

ते गेल्यावर महिन्याभरानं त्यांची बायको दवाखान्यात आली. पिशवीतून चपातीचा एक स्टीलचा डबा काढला. त्यात रेशनकार्ड, दवाखान्याच्या पावत्या आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू. आगपेटीपेक्षा लहान, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेला पांढरट मेणाचा तुकडा. कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. मेणाच्या मधोमध नखाएवढा करडा डाग.

म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्याचं काय करू? अस्थी चंद्रभागेत सोडल्या. मालकांचं एवढंच ऱ्हायलं. फेकवत न्हाई. कुणाच्या उपेगाला येत आसंल तर द्या."

त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, मग त्याचे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ब्लॉक नीट ठेवला तर अनेक वर्षांनीही त्यातून माहिती काढता येते. आपल्याकडं पेशंट एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात जातो तेव्हा हे ब्लॉक आणि काचपट्ट्या नातेवाईकच पिशवीतून नेतात. माणूस गेला की ते घरात पडून राहतात. या सभागृहातही दोन-चार घरांत असे डबे असतील.

मी तीन ठिकाणी फोन केले. सगळीकडं आपुलकीनं बोलले, पण उत्तर एकच मिळालं. नुसता ब्लॉक संशोधनाला पुरत नाही. पेशंटला कोणतं औषध दिलं, त्यानं किती फरक पडला, तंबाखू होती का, घरात आणखी कुणाला होतं का, ही सगळी नोंद सोबत लागते आणि पेशंटची लेखी संमती लागते. यातलं काहीच आपण ठेवलेलं नव्हतं. त्या माऊलीनं स्वतःहून पुढं केलेली देणगी घ्यायला जागा नव्हती. आज मी जो पैसा मागणार आहे तो ही जागा तयार करायला.

आधी आजाराबद्दल थोडं बोलू.

अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मोठं आतडं, गुदाशय, असा हा सगळा पचनमार्ग आणि त्याला जोडलेले अवयव. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला कॅन्सरचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण सापडतात. त्यातला साधारण दर चौथा या अवयवांचा असतो. कॅन्सरनं जाणाऱ्यांत मात्र दर तिसरा. हा फरक का पडतो? कळायला उशीर होतो म्हणून. स्वादुपिंड तर पाठीच्या कण्याला चिकटून इतकं खोल आहे की दुखायला लागेपर्यंत खूप पुढं गेलेलं असतं. नर्गिस १९८१ साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरनंच गेल्या, मनोहर पर्रीकर २०१९ साली त्यानंच गेले.

पण सगळे अवयव इतके खोल नाहीत. आपल्या बोलण्यात दोन शब्द आहेत आणि त्यांच्याआड हा आजार महिनोन्महिने लपतो. एक मूळव्याध, दुसरा पित्त. एसटी स्टँडच्या भिंतीवर मूळव्याध आणि भगंदराच्या जाहिराती तुम्ही रोज बघता. रक्त पडलं की माणूस त्या भिंतीवरचा फोन नंबर लावतो. जेवल्यावर जळजळलं, दोन घासांत पोट भरलं, की पित्त. सोडा घेतो, ओवा खातो, मेडिकलमधून गोळी आणतो. बहुतेक वेळा ते पित्तच असतं आणि बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो, उगाच कुणी घाबरून जाऊ नये. पण चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडायला लागलं, शौचाची सवय महिनाभर बदललेली राहिली, शौच डांबरासारखी काळी झाली, घास अडकायला लागला, न सांगता वजन उतरलं, पोट न दुखता कावीळ झाली, तर नाव तुम्ही ठेवू नका आणि डॉक्टरलाही न तपासता ठेवू देऊ नका. "डॉक्टर, तपासा" म्हणा. त्यात लाज कसली? आपल्याकडं चांगला माणूस म्हणजे सगळं पोटात ठेवणारा. बाकी काय ठेवायचं ते ठेवा, हे ठेवू नका.

तंबाखू, दारू, आयाबायांच्या हातातली मिश्री, कढत चहा, यांवर तुम्ही पुष्कळ ऐकलंय. ते सगळं खरं आहे. मी आज त्यात वेळ घालवत नाही.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी मोडासारखा लहानसा पॉलिप येतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत तो सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो आणि कॅन्सर होतच नाही. म्हणून इंग्लंडमध्ये ठरावीक वयाच्या लोकांना घरपोच एक किट येतं. काडीनं शौचाचा कणभर नमुना घेऊन परत पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. आतडं नाही.

मग तेच किट इथं आणून वाटलं तर? हा प्रश्न मला सगळे विचारतात. वाटता येईल, पण त्याचा अर्थ कसा लावायचा? आपल्याकडं आमांश आहे, जंत आहेत, आतड्याचा क्षयरोग आहे. रक्त त्यांनीही पडतं. रक्त सापडलेल्या प्रत्येकाला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवायचं म्हटलं तर सोलापूर-पुण्याच्या रांगा कुठवर जातील? आणखी एक गोष्ट आहे. टाटा हॉस्पिटलच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत दिसतं की आपल्याकडं हा कॅन्सर पाश्चात्य देशांच्या मानानं कमी लोकांना होतो, पण ज्यांना होतो ते तरुण असतात आणि त्यांच्यात गाठीचा एक जहाल प्रकार जास्त दिसतो. असं का, हे कुणी बाहेरचा येऊन सांगणार नाही. तपासणी कितव्या वर्षापासून करायची, रक्ताचं किती प्रमाण धोक्याचं मानायचं, हे इथल्या माणसांवरच शोधावं लागणार.

आणि संशोधन आपल्या मातीत होत नाही, असं मनातून काढून टाका. आपल्याशेजारी बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पेशंट दवाखान्यात येत नाहीत म्हणून कर्मचारी गावोगाव गेले, पारावर बसले, लक्षणं सांगितली, नावं लिहून घेतली. पुढं २००० च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. १ लाख ३१ हजार ७४६ बायका. त्यांचे गट केले, वेगवेगळ्या चाचण्या केल्या आणि आठ वर्षं पाठपुरावा ठेवला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी त्या गटातले मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगापुढं आलं. शेतात खुरपायला जाणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी दिलेल्या नमुन्यांमुळं जगभरच्या डॉक्टरांना नवी दिशा मिळाली. याचा मला फार अभिमान आहे. पैसा मात्र परदेशी देणगीचा होता. बायका आपल्या, गावं आपली, राबणारे हात आपले आणि पैसा बाहेरचा, ही गोष्ट मला टोचते.

एका ब्लॉकनं काय होतं तेही सांगतो. जठरात आणि आतड्यात जिस्ट नावाची एक गाठ होते. तिच्यावर केमोथेरपी चालायचीच नाही. १९९८ साली जपानी संशोधकांनी अशा गाठींचे तुकडे तपासले आणि त्यांतल्या बहुतेकांत एका जनुकाचा बिघाड त्यांना सापडला. इमॅटिनिब नावाची गोळी तेव्हा रक्ताच्या कॅन्सरसाठी तयार होत होती. ती हाच बिघाड रोखू शकते हे लक्षात आलं. २००० साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या एका बाईंना ती देऊन पाहिली, सगळे उपाय थकल्यावर. गाठी आक्रसल्या. दोन वर्षांच्या आत अमेरिकेत या आजारासाठी त्या गोळीला मान्यता मिळाली. पुढं तिच्या एका रूपाचं पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी नाकारलं, म्हणून ती इथं स्वस्तात मिळते. माझ्याच दवाखान्यात एक शिक्षक येतात, सहा वर्षं ती गोळी घेतात आणि रोज शाळेत जातात.

आता पैशाचं. आपली माणसं देत नाहीत असं कुणी म्हणू नये. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या किती पेशंटांना आसरा मिळाला असेल! मुंबईला जाणाऱ्याला आपण गाडीभाडं देतो, वर्गणी काढतो, अन्नदान करतो. हे करतच राहायचं. मोठ्या कंपन्यांनाही कायद्यानं नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. त्यातून मशीन येतं, इमारत उभी राहते, पाटी लागते. पण नोंदी ठेवणाऱ्या मुलीचा पगार, उणे ८० अंशांच्या फ्रीजरचं वीजबिल, पाच वर्षांनी पेशंटच्या दारात जाऊन "बरे आहात ना?" विचारणाऱ्याचं एसटीचं तिकीट, याला देणगीदार मिळत नाही. कारण त्यावर पाटी लावता येत नाही. संशोधन नव्वद टक्के याच गोष्टींचं बनलेलं असतं, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशांतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथं शिकलेल्या पोरांनी देशभर भट्ट्या लावल्या. पैसा देणाऱ्याला काच कशी करतात हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडं ती विद्या असावी, एवढं त्याला कळत होतं. मी तेवढंच मागतोय.

आमची योजना लहान आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विभागाशी बोलणं झालंय, त्यांच्या नैतिक समितीची परवानगी आल्याशिवाय एक नमुनासुद्धा घेणार नाही. तालुक्यातली बारा गावं, ४५ च्या पुढची माणसं, शौचाची चाचणी, ज्यांना गरज त्यांची दुर्बिणीची तपासणी मोफत आणि सगळ्यांची दहा वर्षं नोंद. ज्यांच्या गाठीचं ऑपरेशन होईल त्यांनी संमती दिली तर ब्लॉक माहितीसकट सांभाळून ठेवायचा. हिशोब दर वर्षी याच व्याख्यानमालेत वाचून दाखवू.

त्या डब्यातल्या ब्लॉकचं काय झालं, ते राहिलं. संशोधनाला तो गेला नाही, पण गाठींचे तुकडे तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी, म्हणजे पॅथॉलॉजिस्टनं, विचारलं, "चाळिशीतला पेशंट होता ना? मुलं आहेत का?" काही घराण्यांत हा कॅन्सर पिढीजात असतो. चार प्रथिनं गाठीत शाबूत आहेत का हे ब्लॉकवरून कळतं आणि नसली तर मुलांना धोका असू शकतो. बाईंची परवानगी घेऊन ब्लॉक पाठवला. अकरा दिवसांनी रिपोर्ट आला. चारही शाबूत. बाई रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बसून होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी तो दोनदा उलटून पाहिला.

तरी बापाला झालं म्हटल्यावर मुलांनी सावध राहायचंच. बापाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, मोठ्या मुलाची दुर्बिणीची तपासणी करायची आहे. आज तो २४ वर्षांचा आहे. त्याच्या फाइलवर मी लाल पेनानं तारीख लिहून ठेवलीय. या बारा वर्षांत आपल्याला बरंच काही शोधता येईल.

पावतीपुस्तक घेऊन दाराशी तोच बसलाय.