पाय उचलत नाही

(दृश्य: सारसबाग, पहाट. मागे पर्वतीची टेकडी.)

सकाळचे सव्वासहा वाजले आहेत. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली आहे आणि हिरवळीच्या कडेने फेऱ्या मारणारी मंडळी आपापल्या लयीत चालत आहेत. एका बाकावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले आहेत. "बाबा, अजून एकच फेरी मारू या," असे त्यांची मुलगी म्हणते. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके मिनिटाला 88 दिसत आहेत, श्वास शांत आहे, कपाळावर घामाचा टिपूसही नाही. तरीही ते मान हलवतात. "नको गं, पाय उचलत नाही."

हे वाक्य आपण किती वेगवेगळ्या प्रसंगी उच्चारतो, ते पाहण्यासारखे आहे. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्याचा पाय उचलत नाही, तेव्हा त्याच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतात. माहेरून निघणाऱ्या मुलीचा पाय उचलत नाही, तेव्हा पोटऱ्यांचा त्यात काहीही दोष नसतो. पहिल्या प्रसंगी काय मोजायचे हे शरीरशास्त्राला चांगले ठाऊक आहे: ऑक्सिजनचा वापर, जोराच्या श्रमात रक्तात वाढणारे लॅक्टेट, हृदयाची गती. दुसऱ्या प्रसंगी माणसाच्या आत जे घडते, ते कशाने मोजायचे? 1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरवणाऱ्या पुण्यात व्यायामाचे कौतुक पुष्कळ आहे, आणि म्हणूनच व्यायाम न करणाऱ्याला 'आळशी' म्हणून मोकळे होण्याची घाईही पुष्कळ आहे. तो शब्द वापरण्यापूर्वी मेंदूकडे एकदा पाहायला हवे.

सर्वांत साधे साधन म्हणजे 'किती कष्ट वाटतात?' असा प्रश्न विचारणे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी 6 ते 20 अशी मोजपट्टी तयार केली. 6 म्हणजे कष्ट अजिबात नाहीत आणि 20 म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले, की निरोगी तरुण माणसाच्या हृदयगतीच्या जवळपास जाता येते. बाकावरच्या बाबांना मुलीने हाच प्रश्न विचारला, तेव्हा ते "पंधरा" म्हणाले. वय आणि औषधे यांमुळे हा हिशेब ज्येष्ठांना तंतोतंत लागू होत नाही. तरीही 88 ठोके आणि 15 हा आकडा यांच्यामध्ये बरेच अंतर आहे, आणि आपल्याला नेमके त्या अंतरातच शिरायचे आहे.

(दृश्य: हाताची पकड मोजणारे उपकरण, जवळून.)

कोणताही श्रम करण्यापूर्वी मेंदू एक व्यवहार तोलून पाहतो: किती झिजायचे आणि त्या बदल्यात काय मिळायचे. अमेरिकेतील जॉन सॅलमोन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हा व्यवहार स्पष्ट दिसला. पिंजऱ्यात साधे खाणे फुकट ठेवलेले असते आणि आवडीचे खाणे हवे असेल, तर कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागते. एरवी उंदीर कळ दाबण्याचे कष्ट घेतात. मेंदूच्या खोल भागातील डोपामिनचे, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या एका रसायनाचे, काम रोखले, की ते कळ सोडून फुकटच्या खाण्याकडे वळतात. त्यांची भूक मेलेली नसते. झिजण्याची तयारी तेवढी कमी झालेली असते. डोपामिनला 'आनंदाचे रसायन' म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती या प्रयोगापुढे फार अपुरी वाटते.

माणसांतही हा व्यवहार पाहता आला आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना एफएमआरआय यंत्रात (रक्तातील बदलांवरून मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे ते दाखवणाऱ्या यंत्रात) झोपवून हातातील मूठ आवळायला सांगितली होती आणि प्रत्येक वेळी पडद्यावर पौंडाचे किंवा पेनीचे नाणे दाखवले जात होते. काही वेळा नाणे इतक्या निमिषमात्र दिसे, की कोणते होते ते सांगता येत नसे; तरीही पौंडासाठी मूठ अधिक जोराने आवळली गेली आणि मोबदल्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या खोल भागात त्या वेळी हालचाल दिसली. उमेद शब्दांत उतरण्याआधी स्नायूंत उतरू शकते, हे मला या प्रयोगातून सर्वाधिक भावले.

(दृश्य: स्थिर सायकल. तरुण धावपटूच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी.)

अडचण अशी, की त्या यंत्रात निश्चल पडून राहावे लागते. धावणाऱ्या माणसाच्या मेंदूचे काय? त्यासाठी ईईजी, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोड नावाच्या चकत्यांनी मेंदूचे विद्युत संकेत टिपण्याची पद्धत, वापरतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख नोंदवला, त्या पद्धतीचेच हे आजचे रूप आहे. केसांमध्ये बोटाने वाट करून प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरावे लागते, आणि या कामात बराच वेळ जातो. त्यानंतर धावपटूला फक्त डोळे मिचकावायला सांगितले, तरी पडद्यावरची रेघ उसळते. दात आवळायला सांगितले, तर सगळा आलेख काळवंडून जातो. मेंदूचे संकेत मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत, मोजण्याइतके बारीक असतात, तर कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंचे त्याहून कितीतरी मोठे. त्यात घाम आला, की त्यातील क्षारांमुळे रेघ हळूहळू सरकू लागते. सायकलवर धड आणि मान बरीच स्थिर राहते, म्हणून असे अनेक प्रयोग धावण्याऐवजी सायकलवर केले जातात.

दुसरा मार्ग अवरक्त प्रकाशाचा. कपाळावरून आत सोडलेला प्रकाश किती परत येतो, यावरून मेंदूच्या पृष्ठभागातील रक्तात ऑक्सिजन किती आहे याचा अंदाज बांधता येतो. हे साधन हालचालीला अधिक सोसते. पण व्यायामात कपाळाच्या त्वचेतील रक्तप्रवाहही बदलतो आणि तो वेगळा काढावा लागतो. शिवाय प्रकाश खोलवर पोहोचत नाही. ज्या भागांत मोबदल्याचा हिशेब होतो, ते भाग नेमके खोल आहेत. म्हणजे जे यंत्र तिथवर पाहते ते माणसाला हलू देत नाही, आणि जे हलू देते ते तिथवर पाहत नाही.

म्हणून अभ्यासक आडवाटेने जातात. 1965 साली जर्मनीतील कोर्नह्युबर आणि डीके यांनी दाखवले, की स्वेच्छेने केलेल्या हालचालीच्या सेकंदभर किंवा त्याहूनही आधी माथ्यावर एक मंद विद्युत बदल सुरू होतो. स्नायू थकलेले असताना तेच वजन उचलले, तर हालचालीशी निगडित हा संकेत मोठा होतो, आणि माणसाला जाणवणाऱ्या कष्टांशी त्याचा संबंध आढळतो. एका हालचालीतून तो दिसत नाही. अनेक हालचालींची सरासरी काढावी लागते. कपाळाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला ईईजीत दिसणाऱ्या अल्फा नावाच्या संथ लहरींतील फरकावरूनही उमेदीचा अंदाज घेतला जातो, परंतु निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. डोक्याला पट्टी बांधून 'प्रेरणेचा गुणांक' दाखवणाऱ्या उपकरणांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट, 2009 साली प्रसिद्ध झालेला सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा साधा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. 16 जणांनी एकदा 90 मिनिटे एकाग्रतेचे किचकट काम करून आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट पाहून, दमेपर्यंत सायकल चालवली. माहितीपटानंतर ते सरासरी 754 सेकंद टिकले, किचकट कामानंतर 640. हृदय आणि स्नायू दोन्ही वेळा सारखीच साथ देत होते. किचकट कामानंतर कष्ट तेवढे आधीपासूनच अधिक जाणवत होते.

(दृश्य: पुन्हा सारसबाग. मुलीच्या हातात वही.)

बाकावरच्या बाबांना पार्किन्सन्स आहे. या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो ते लक्षण वेगळे, आणि उठावेसेच न वाटणे वेगळे. बाबांच्या तोंडी मात्र दोन्हींना एकच वाक्य आहे. औषधाचा अंमल ओसरलेला असताना अशा रुग्णांची मोबदल्यासाठी जोर लावण्याची तयारी घटते आणि औषध घेतल्यावर वाढते, असे मूठ आवळण्याच्या प्रयोगांत आढळले आहे. एका घरच्या वहीतून काही सिद्ध होत नाही, पण गोळीच्या वेळा ठरवताना डॉक्टर ती वही जरूर पाहतात. आजच्या पानावर सव्वासहाला नाडी 88 आणि आकडा 15 अशी नोंद आहे. सात वाजता गोळी. आठ वाजता, त्याच बाकापाशी, नाडी 92 आणि आकडा 11. त्याखालच्या ओळीत तिने लिहिले आहे: "एक फेरी. बाबांनीच विचारले."