पायाची कमान आणि पावलाखालचा भार

मंडळी, आज घरी गेल्यावर एक करून बघा. पाय ओले करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहा आणि बाजूला व्हा. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी बाहेरच्या कडेनं साधारण अर्ध्या रुंदीची उमटली, तर तुमची कमान मध्यम. सगळा तळवा उमटला तर पाय सपाट. आणि टाच एकीकडे, चवडा दुसरीकडे, मधली फरशी जवळजवळ कोरडीच, तर कमान उंच. 1987 मध्ये कॅव्हानाह आणि रॉजर्स या दोन अभ्यासकांनी याच ठशाला आकड्यात बसवलं. बोटं सोडून ठशाचे लांबीनं तीन समान भाग करायचे आणि मधल्या भागाचं क्षेत्रफळ एकूण ठशाच्या किती येतं ते काढायचं. 0.21 पेक्षा कमी आलं तर उंच कमान, 0.26 पेक्षा जास्त आलं तर सपाट पाय.

आपल्याकडे मात्र या ठशावरून माणसाची किंमत करतात. सपाट पायाची म्हणून मुलीला नावं ठेवणारी घरं अजून आहेत. भरतीसाठी पहाटे उठून धावणारी पोरं वैद्यकीय तपासणीत याच मुद्द्यावर बाद होतात आणि आपला पायच बिघडलेला आहे असं समजून बसतात. मला याचं फार वाईट वाटतं. तो ठसा भार कुठे पडतो एवढंच सांगतो. त्या भारानं त्रास होणार की नाही, हे पुढच्या बऱ्याच गोष्टींवर ठरतं.

थोडा हिशोब करू. 60 किलोचा माणूस दोन्ही पायांवर स्वस्थ उभा आहे. दोन्ही तळव्यांची टेकलेली जागा मिळून 200 चौरस सेंटीमीटर धरा. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सरासरी 300 ग्रॅम. तोच माणूस अनवाणी चालू लागला की टाचेखाली आणि चवड्याखाली काही क्षण हाच दाब 3 ते 4 किलोपर्यंत चढतो. दहापट! कारण चालताना सगळं वजन एका पायावर येतं, वर पाऊल टेकताना आणि रेटताना वजनापेक्षा 10 ते 20 टक्के जास्त जोर लागतो, आणि तो जोर त्या क्षणी छोट्याशा जागेवर एकवटलेला असतो. आधी टाच टेकते, मग भार बाहेरच्या कडेनं पुढे सरकतो, चवड्यावर पसरतो आणि शेवटी अंगठ्याकडून जमीन सुटते.

या प्रवासात कमान दोन वेगळी कामं करते. भार आला की ती थोडी खाली बसते, धक्का पचवते. टाच उचलली की तिला ताठ व्हावं लागतं, नाहीतर पोटरीचा जोर जमिनीपर्यंत पोचणारच नाही. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा आहे. बोटं वर वळली की रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो बोटांच्या बुडाशी ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स यांनी 1954 मध्ये हे दाखवलं. बसल्या जागी हातानं अंगठा वर ओढून बघा, कमान उठताना दिसेल.

आता उंच कमानीचा पाय घ्या. मधला भाग जमिनीला टेकतच नाही. वजन तेवढंच, जागा कमी. साहजिकच टाच आणि चवडा यांच्यावर दाब वाढतो. शिवाय असा पाय बहुतेक वेळा ताठ असतो, खाली बसत नाही, धक्का पचवत नाही. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाशी घट्टे पडतात, कुरूप होतं. माणूस ब्लेडनं ते कापत राहतो आणि ते पुन्हा येतं, कारण दाब तिथेच आहे. अशा पायाला मधली पोकळी भरून काढणारा इनसोल खरोखर उपयोगी पडतो. तळव्याचा मधला भागही ओझं उचलू लागतो. सपाट पायाचं उलट आहे. त्याचा मधला भाग आधीच भार घेतो. त्रास होतोच तर तो आतल्या बाजूला, घोट्यामागून कमानीकडे येणाऱ्या स्नायूला, कारण कोसळणारी कमान धरून ठेवायचं काम त्याच्यावर येतं.

हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांचे पाय तपासले आणि 1947 मध्ये ती पाहणी प्रसिद्ध केली. लवचिक सपाट पाय बहुतेकांना काहीच आडवा आला नव्हता. ज्यांच्या टाचेमागची शीर आखूड होती, त्यांना मात्र त्रास होता. म्हणून मी चवड्यावर उभं राहायला सांगतो. टाचा उचलल्यावर कमान दिसली तर पाय लवचिक आहे. दुखत नसेल तर त्याला औषध नको. दिसली नाही किंवा दुखलं, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. चाळिशीपन्नाशीत एकच पाय नव्यानं सपाट होऊ लागला, तर अजिबात थांबू नका.

लहान मुलांच्या आईवडिलांना एवढंच सांगतो की तीन-चार वर्षांच्या मुलाचा पाय सपाटच दिसतो. पुढे कमान आपोआप घडते. आपल्याच देशातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 मध्ये 2,300 मुलांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. मुलांना अंगणात, मातीत अनवाणी खेळू द्या. कमान आणणारे महागडे बूट घेऊ नका. तीन वर्षं वापरूनही त्यांनी फरक पडत नाही, हे तपासून झालेलं आहे.

मला खरी काळजी वाटते ती पायाची संवेदना गेलेल्यांची. पॉल ब्रँड हे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरला आले, तेव्हा कुष्ठरोग मांस खातो अशीच समजूत होती. त्यांनी दाखवून दिलं की जखम होते ती दाबानं. दुखत नाही म्हणून माणूस चाल बदलत नाही आणि हजारो पावलं त्याच जागी पडत राहतात. मऊ मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या रबराच्या चपलांनी कित्येकांचे पाय वाचले. मधुमेहात हेच घडतं. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास पावलं. संवेदना गेलेल्या, उंच कमानीच्या पायानं मधुमेही वारकरी निघाला, तर चवड्यावरच्या त्याच घट्ट्यावर पावणेदोन लाखांहून जास्त वेळा भार येणार. आणि दिवसाचा मुक्काम येईपर्यंत त्याला काहीही जाणवणार नाही.

मधुमेहात कधी कधी कमानच कोसळते. आतली हाडं ढासळतात, तळवा मध्येच खाली फुगतो आणि जिथे कधी दाब नव्हता तिथे सगळा भार येतो. सुरुवातीला पाय फक्त गरम, लाल आणि सुजलेला असतो, दुखणं अगदी थोडं. मुरगळला असेल म्हणून लोक शेकत बसतात. त्या पायावर भार देणं त्याच दिवशी बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचा. पुढे बरेचदा काही महिने प्लास्टर घालून पाय सांभाळावा लागतो.

मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी तळव्याला 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासून घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे. मी सोबत धागे आणले आहेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चपला काढून इकडे डावीकडच्या रांगेत या.