कोंबड्या दाणा टिपेनात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकताना एक वाक्य हटकून कानावर पडतं. नव्या पोरानं शतक ठोकलं, की समालोचक म्हणतो, ‘इट ऑगर्स वेल’. म्हणजे लक्षण चांगलं दिसतंय. बिनसलं, तर ‘ऑगर्स इल’. लक्षण काही ठीक नाही. समालोचकांनी अधूनमधून गप्प बसून बॅटचा आवाज ऐकू द्यावा, हे माझं जुनं मत. पण ते असो.

हा ऑगर मुळात माणूस. प्राचीन रोममधला पुरोहित. हातात टोकाशी वळलेली काठी. तिनं आकाशाचा एक तुकडा आखून घ्यायचा आणि त्यात पाखरं कुठून कुठं जातात ते बघायचं. लॅटिनमध्ये ‘अविस’ म्हणजे पक्षी, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. ‘ऑस्पिशस’, म्हणजे शुभ, हा शब्द त्यातलाच. आपल्याला नवल वाटायला नको. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षीच की! उद्घाटनाच्या ‘इनॉगरेशन’मध्येही हाच ऑगर दडलाय, फीत कापणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ऑगर पुढे काय होणार ते सांगत नसे. तो देवाला विचारायचा, ‘हे काम आज करू का?’ भविष्य नव्हे, परवानगी. पुन्हा सांगतो, परवानगी.

आता गोष्ट ऐका. लढाईवर निघालेल्या सैन्याला आकाशाकडे बघत बसायला सवड कुठली? म्हणून रोमन लोक पिंजऱ्यातून कोंबड्याच बरोबर न्यायचे. सांभाळायला खास माणूस. पिंजरा उघडायचा, दाणा टाकायचा. कोंबड्या तुटून पडल्या आणि चोचीतून घास खाली सांडला, की झाला शुभशकुन. रोमचा नामांकित वक्ता सिसेरो स्वतः ऑगर होता, तरी त्यानं लिहून ठेवलंय, की भुकेली कोंबडी पिंजऱ्यात कोंडल्यावर दुसरं काय करणार!

इ.स.पू. 249. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शहराशी रोमचं युद्ध चाललेलं. इटलीच्या दक्षिणेला असलेल्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला द्रेपाना नावाचं बंदर, आजचं त्रापानी. रोमचा सेनापती पुब्लियस क्लॉडियस पुल्केर. पुल्केर म्हणजे देखणा. शत्रूला बंदरातच गाठायचं, म्हणून स्वारी रात्रीच निघालेली. शकुन पाहायला दाणा टाकला, तर एकही कोंबडी चोच लावेना.

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घाटावर काय होतं, तुम्ही पाहिलंय. सगळे हात जोडून उभे. कुणीतरी म्हणतं, ‘काका, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका.’ आपण कावळ्याची मनधरणी करतो. देखणा क्लॉडियस मनधरणी करणाऱ्यांतला नव्हता. ‘खात नाहीत? मग पिऊ देत!’ म्हणाला, आणि कोंबड्या दिल्या समुद्रात फेकून.

पुढे? शत्रू बंदराच्या दुसऱ्या अंगानं निसटून खुल्या समुद्रात गेला. क्लॉडियसनं ‘मागे फिरा’ म्हणून हुकूम दिला, तोवर त्याची पुढची जहाजं बंदरात शिरलेली, मागची शिरत होती. जहाजावर जहाज आदळलं, वल्ही काडकाड मोडली. 93 जहाजं शत्रूच्या हाती लागली, सेनापती 30 घेऊन पळाला.

मला विचाराल तर, फाजील घाईनं घात केला, कोंबड्यांचा काय दोष? पण खलाश्यांनी परवानगी नाकारलेली पाहिली होती, आणि तसं पाहून वल्ह्यावर बसलेल्या माणसाचा हात कसा चालणार?

रोममध्ये क्लॉडियसवर खटला भरला. शिक्षा ठोठावणार, तेवढ्यात म्हणे जोराचा पाऊस कोसळला. अपशकुन! कामकाज थांबलं. कोंबड्या बुडवणारा गडी शकुनामुळेच वाचला. मागाहून जबर दंड भरावा लागला, तो वेगळा.