न उच्चारलेलं नाव

[पहाट. जेरुसलेमच्या जुन्या शहरातली अरुंद दगडी गल्ली. एका दारातून उजेड येतोय.]

अजून पुरतं उजाडलेलं नाही. बेत एल नावाच्या या छोट्या ज्यू प्रार्थनालयात सकाळची प्रार्थना सुरू झाली आहे. थोडा वेळ नुसतं ऐका. पुढे उभा असलेला माणूस एक शब्द म्हणतो आणि थांबतो. मग फक्त सूर. शब्दाविना, लांबवलेला, फिरून फिरून त्याच जागी येणारा. बाकीचे डोळे मिटून बसलेले. सूर संपला की पुढचा शब्द.

एवढ्या वेळात ही माणसं करतात काय?

[प्रार्थनेच्या पोथीचं पान, अगदी जवळून.]

हे पान बघा. प्रार्थनेचा एखाददुसराच शब्द, मोठ्या अक्षरांत. त्याच्या भोवती सुट्या अक्षरांच्या ओळी. योद, हे, वाव, हे. ईश्वराच्या नावाची ही चार अक्षरं. धार्मिक ज्यू माणूस हे नाव कधीच उच्चारत नाही. वाचताना ते समोर आलं की तो म्हणतो 'अदोनाय', म्हणजे माझा प्रभू. पण ओठ 'अदोनाय' म्हणत असताना मनापुढे ती चार अक्षरं उभी करायची. कधी एका स्वरचिन्हासह, कधी दुसऱ्या. प्रत्येक चिन्हाचा संबंध दहा सफिरोतपैकी एकीशी. सफिरोत म्हणजे ईश्वराचा प्रकाश ज्या दहा रूपांनी जगात उतरतो ती रूपं.

आपण नामजपाच्या मातीत वाढलेली माणसं. नाव म्हटलं की ते जिभेवर खेळायला हवं, ही आपली सवय. इथे ते जिभेवर येतच नाही. ते पाहायचं असतं. कब्बालाची, म्हणजे ज्यूंच्या गूढ परंपरेची, रोजची साधना मला समजू लागली ती या एका फरकापासून.

या लक्ष देण्याला हिब्रूत कवाना म्हणतात. शब्दाच्या मुळाशी रोख धरण्याचा, दिशा देण्याचा अर्थ आहे. प्रार्थना तीच, जी शेजारचा साधा दुकानदारही म्हणतो. मनाचा रोख तेवढा वेगळा.

[इस्रायलच्या उत्तरेला गालीलचे डोंगर. त्स्फात गाव.]

या पद्धतीचा मोठा भाग सोळाव्या शतकात इथे, गालीलच्या डोंगरात, त्स्फातमध्ये आकाराला आला. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलल्यानंतर विखुरलेल्या घराण्यांतले अनेक जण इथे येऊन वसले होते. १५७० मध्ये इजिप्तहून इसहाक लुरिया आले. लोक त्यांना 'आरी' म्हणतात, म्हणजे सिंह. जेमतेम दोन वर्षं ते इथे शिकवत होते. १५७२ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांनी स्वतः फार थोडं लिहिलं. आज जे हाती आहे ते बरंचसं त्यांचे शिष्य हाईम वितल यांच्या लेखणीतून.

आरी सांगत, जग घडताना प्रकाश पेलणारी पात्रं फुटली आणि ठिणग्या सगळ्या वस्तुमात्रात विखुरल्या. त्या वर उचलायच्या, फुटलेलं सांधायचं. त्यासाठी डोंगरात पळून जायला नको. भाकरीचा तुकडा मोडण्याआधी म्हटलेला आशीर्वादही पुरतो, मन त्यात असेल तर.

काही जण मध्यरात्री उठत. दाराच्या चौकटीजवळ जमिनीवर बसून जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिरासाठी रडत. त्याच काळात कॉफी त्स्फातला पोचली होती आणि या जागरणांना तिची मोठी मदत झाली, असं अभ्यासक सांगतात.

आरींचा एक नियम मात्र मला सगळ्या गूढ अक्षरांहून मोठा वाटतो. सकाळची प्रार्थना सुरू करण्याआधी स्वतःशी म्हणायचं: 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, ही आज्ञा मी माझ्यावर घेतो.' हे म्हटल्यावर मग पहिला शब्द.

[पुन्हा बेत एल.]

बेत एलची स्थापना १७३७ ची. अक्षरांनी भरलेली ती पोथी शालोम शराबी यांची. ते येमेनचे. वाटेत भारतात आणि बगदादला थांबत जेरुसलेमला आले, असं सांगतात. आख्यायिका अशी की इथे ते नोकर म्हणून राबत, आणि विद्वानांना न सुटलेल्या प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर लिहून रात्री गुपचूप पुस्तकात ठेवून देत. पुढे याच पीठाचे ते प्रमुख झाले.

[उजवा हात डोळ्यांवर.]

आता शेमा, ज्यूंच्या श्रद्धेची मूळ ओळ. 'ऐक इस्राएला, अदोनाय आपला देव, अदोनाय एक.' हिब्रूत सहा शब्द. डोळे हाताने झाकलेले. शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. त्यात तीनच अक्षरं, आणि हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो. आलेफ १, तो एकमेव. हेत ८, सात आकाशं आणि ही पृथ्वी. दालेत ४, चारी दिशा. ते 'द' लांबवायचं, या सगळ्यांवर त्याचीच सत्ता आहे हे मनात भरेपर्यंत.

ही ओळ आपल्या कोकणानेही सांभाळली आहे. अलिबागच्या आसपासचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, घाण्यावर तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शतकांच्या ओघात हिब्रू विस्मरणात गेली. शेमाची ओळ राहिली.

[शुक्रवारची संध्याकाळ. मावळतीचा उजेड.]

शुक्रवारी दिवस कलताना आरी पांढरे कपडे घालून शिष्यांसह शेतात जात, शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रामदिनाला, सामोरं जायला. शब्बाथ म्हणजे नवरी. तिच्या स्वागताचं गीत, 'लेखा दोदी', श्लोमो अल्काबेत्स यांनी याच त्स्फातमध्ये रचलं. कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की त्यांचं नाव निघतं. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये मराठी बोलणारी माणसंही तेच गातात. शेवटच्या कडव्याला सगळे पाठ फिरवून दाराकडे वळतात आणि किंचित वाकतात.

'बोई खल्ला. बोई खल्ला.'

ये, नवरी, ये.