बाळंतिणीची कंबरदुखी आणि तिचे नैराश्य

आपल्याकडे, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, बाळंतीण तपासायला येते ती बहुधा एकटी येत नाही. सोबत आई किंवा सासू असते, बाळ त्यांच्या मांडीवर असते आणि बोलायला सुरुवातही त्याच करतात: बाळ दूध नीट ओढत नाही, रात्रभर रडते, शी हिरवी होते. ‘तुला स्वतःला काय होते?’ असे बाईला विचारले की उत्तर येते, ‘कंबर दुखस.’ आणखी विचारले तर डोके दुखते, पायांत गोळे येतात, अंगात त्राण नाही, एवढे कळते. झोप लागत नाही, उगाच रडू येते, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, हे ती पहिल्या भेटीत सांगत नाही आणि सासूसमोर तर नाहीच. आज मला याच कंबरदुखीविषयी बोलायचे आहे. ती खरी असते, आणि पुष्कळदा तिच्या आड आणखी काही असते. यांपैकी एकच बाजू पाहून केलेला उपचार अपुरा पडतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी शरीराकडे पाहू. गर्भारपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतात, आणि त्यामुळे पाठीला जो आधार पोटाकडून मिळायचा तो प्रसूतीनंतर कित्येक आठवडे मिळत नाही. त्यातच बाई पाठ न टेकता, मान खाली घालून दिवसातून दहा-बारा वेळा बाळाला पाजत असते. खाली टाके असतील तर नीट बसता येत नाही. पाणी कमी प्यायल्याने शौचाला खडा होतो, गुदद्वाराला चीर पडते आणि शौचाला जायचीच भीती बसते. स्तनाग्रांना भेगा पडतात, दूध साठून गाठी होतात, बाळाला सारखे उचलून अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात तर बाळ अंगावर पिऊ लागले की गर्भाशय आवळते आणि पोटात जोराच्या कळा येतात. सिझेरियन झालेल्या बहुतेक बायका कंबरदुखीचा दोष पाठीतल्या इंजेक्शनला देतात. पाठीतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली असता दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस ठणकते, हे मात्र खरे. ताप, दुर्गंधीयुक्त किंवा अति रक्तस्राव, एका पोटरीची दुखरी सूज, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी, ही लक्षणे असतील तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

या वेदनांचा मनाशी काय संबंध, तर तो मोजला गेलेला आहे. २००८ साली ‘पेन’ या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे १,३०० प्रसूत स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतरच्या पहिल्या ३६ तासांत ज्यांना तीव्र वेदना झाल्या, त्यांच्यात आठ आठवड्यांनंतर वेदना टिकून राहण्याचा धोका सौम्य वेदना असलेल्यांच्या अडीच पट आणि नैराश्याचा धोका तिप्पट आढळला. प्रसूती नैसर्गिक झाली की सिझेरियनने, याने या निष्कर्षात फरक पडला नाही. वेदनेमुळेच नैराश्य आले असे यावरून सिद्ध होत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण ज्या बाईचे दुखणे पहिल्या दोन दिवसांत आटोक्यात आलेले नाही, तिच्याकडे पुढचे दोन महिने अधिक लक्ष ठेवावे, एवढे नक्कीच ठरते. मेंदूत वेदना दाबणाऱ्या आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या यंत्रणा काही अंशी त्याच रसायनांवर चालतात. त्यात प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत संप्रेरके झपाट्याने उतरतात, झोपेचे तुकडे होतात, रक्त कमी असते. दुखणे असे सगळ्या बाजूंनी वाढत जाते. तरीही आपल्या घरांतून पहिल्यांदा बंद होते ती वेदनाशामक गोळी, कारण ‘ती दुधात उतरते.’ पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना ती दिली जातात. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटातील व्रण यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावे, पण दुखणे सोसण्यात बाळाचे काही हित नाही.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू, चिडचिड, हुरहूर बहुसंख्य स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्याला औषध लागत नाही, माणसे लागतात. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलेले असतानाही बाईला झोप येत नसेल, आपण आई म्हणून नालायक आहोत असे तिला सतत वाटत असेल, तर ते नैराश्य समजावे. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला; त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. गोव्यात झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ते २३ टक्के होते, आणि त्यामागे आर्थिक ओढाताण, नवऱ्याची मारहाण व मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे ठळक दिसली. पेढे वाटायचे की बर्फी, यावर घरात जे चेहरे होतात ते बाळंतीण खोलीतून पाहत असते.

आता आपल्या चालीरीतींविषयी. सव्वा महिन्याचा विसावा, शेक, मालिश, डिंकाचे आणि मेथीचे लाडू यांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. थकलेल्या शरीराला विश्रांती देणारी ही जुनी व्यवस्था आहे. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवणे आणि ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी तोडणे, यांतून डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि भोवळ यांखेरीज काही मिळत नाही, आणि धुराने बाळाचाही श्वास कोंडतो. दुसरे असे की हा विसावा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कापूस वेचणारी मजूर बाई, धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातली सून, यांना तो कोण देणार?

विसावा मिळालेल्या बाईचाही खरा अवघड काळ तो संपल्यावर सुरू होतो. आशाताई दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी सहा भेटी देते; शेवटची ४२व्या दिवशी. त्यानंतरच्या बालसंगोपनाच्या भेटी बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर सुरू होतात. मधले सहा-सात आठवडे रिकामे, आणि नेमक्या याच दिवसांत पुष्कळ मुली माहेरून सासरी येतात. गाव बदलते, आशाताई बदलते, पाहुणे येणे थांबते, चूल आणि शेत पुन्हा अंगावर पडते. मात्र एक धागा सुटत नाही, तो लसीकरणाचा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी आई स्वतः बाळाला घेऊन येते. बाळाला सुई टोचून झाल्यावर अर्धा तास थांबवतोच आपण. त्या वेळात सासूला बाहेर बसवून आईशी पाच मिनिटे बोलता येईल. बाळंतिणीचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेली, एडिंबरा स्केल म्हणून ओळखली जाणारी दहा प्रश्नांची पट्टी मागच्या सात दिवसांविषयी विचारते आणि तिच्यात अंगदुखीवर प्रश्न नाही. म्हणून मी सुचवीन की आपण सुरुवात तिच्या ‘कंबर दुखस’पासूनच करावी: कुठे दुखते, रात्री किती वेळा जाग येते, आणि जाग आल्यावर मनात काय येते. या वाटेने बाई बोलती होते.

पुढचा उपचार फार दूरचा नाही. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन ठरावीक पद्धतीने संवाद साधला, तेव्हा सहा महिन्यांनंतर नैराश्य उरलेल्या मातांचे प्रमाण २३ टक्के होते, तर एरवीच्या भेटी मिळालेल्या गटात ते ५३ टक्के होते. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासावे, कंबरेसाठी भौतिकोपचार द्यावा. औषध लागलेच तर सर्ट्रालिनसारखे नैराश्यावरचे औषध स्तनपान चालू ठेवून घेता येते.

एडिंबरा पट्टीतल्या दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, ‘हो’ आले तर बाईला एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. हजारात एक-दोघींना प्रसूतीनंतर भ्रम आणि भास होतात. बाई असंबद्ध बोलते, झोपतच नाही. तिला देवऋषीकडे न नेता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. दाखल केले तर बाळ तुटेल, या भीतीने घरचे अनेकदा अडून बसतात. त्यांना सांगावे की २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला दाखल असलेल्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही. बाळाला धोका असेल तरच तात्पुरते दूर ठेवले जाते, आणि तेव्हाही आईला देखरेखीखाली बाळ भेटवावे लागते.