सायकलचा आरसा कुठे लावायचा? आधी तुमचं कोपर बघा

(ठिकाण: ठाण्यातल्या उपवन तलावाशेजारचा रस्ता, सकाळ. सायकल उभी, मी शेजारी.)

नमस्कार मंडळी! आज बोलूया सायकलच्या आरशाबद्दल. मागचं दिसणारा, हँडलला लावायचा तो आरसा. लहान मुलांच्या सायकलला असतो, म्हणून मोठी माणसं तो लावायला लाजतात. घोडबंदर रोडवर सायकल काढा, मग लाज जाते.

थोडा हिशोब करूया. तुम्ही ताशी १८ किलोमीटरने चाललाय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. मान वळवून मागे बघायला साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ५ मीटर रस्ता तुम्ही न बघता ओलांडलात. मानपाड्यापासून वाघबीळपर्यंत ५ मीटरमध्ये काय काय लपलेलं असतं, ते ठाणेकरांना मी सांगायला नको. आता मागून डंपर येतोय, ताशी ६०ने. तुमच्यातलं अंतर सेकंदाला जवळजवळ १२ मीटरने कमी होतंय. ५० मीटरवर असेल, तर चार-सव्वाचार सेकंदांत तो तुमच्या शेजारी. बरं, कानावर विसंबायचे दिवसही गेले. इलेक्ट्रिक बस आणि स्कूटर अगदी खेटून आल्याशिवाय कळतच नाहीत.

तर आरसा हवा. कोणत्या बाजूला? उजव्या. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, मोठी गाडी आपल्याला उजवीकडून ओलांडते. डावीकडून रिक्षा घुसतात, बाइकवाले घुसतात, सगळं मान्य. दुसरा आरसा घेतलात तर तो डावीकडे लावा. मी लावत नाही, गर्दीत तो सारखा कुणाला तरी अडकतो.

आता खरी गंमत. (हँडल जवळून दाखवणे.) अरे, कॅमेरा जरा खाली घे. हं. आरसा लावायला इथे तीन जागा आहेत. ग्रिपच्या, म्हणजे हात धरायच्या रबरी मुठीच्या, आतल्या बाजूला दांडीवर उभा, हँडलच्या टोकाला बाहेर, किंवा त्याच टोकाला खाली लोंबता. दुकानात बहुतेक वेळा पहिला प्रकार लावून देतात, कारण तो दोन मिनिटांत बसतो. मी त्यावर बसून दाखवते. आरशात काय दिसतंय? माझी बाही. हात आणि कोपर नेमकं आरसा आणि रस्ता यांच्या मध्ये येतं. शिवाय दांडी जितकी लांब, तितकी थरथर जास्त. पेव्हर ब्लॉकवरून गेलात की मागची बस आहे की टँकर, तेही ओळखू येत नाही.

टोकाला लावलेला आरसा शरीरापासून लांब जातो, त्यामुळे कोपराच्या बाहेरून दिसतं. खाली लोंबता ठेवला तर कोपराच्या खालून दिसतं, आणि दांडी आखूड असल्याने थरथरही कमी. मला हा सगळ्यात आवडतो. त्यासाठी ग्रिपचं टोक बंद असेल तर ब्लेडने गोल कापावं लागतं. मग आरशाचा खुंटा नळीत घालून अ‍ॅलन कीने (सहा कोनी टोकाच्या किल्लीने) आवळायचा. आवळला की तो आत फुगतो आणि घट्ट बसतो. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. गुडघ्याला किंवा फ्रेमला लागत असेल तर जरा बाहेर फिरवा.

जागा ठरली, आता कोन. हे काम सायकलशेजारी उभं राहून करायचं नाही! सीटवर बसा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा, पाय पेडलवर, हात नेहमीच्या जागी, पाठ नेहमीइतकी वाकलेली. आता मान न हलवता फक्त डोळे आरशाकडे न्या. क्षितिज आरशाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात आलं पाहिजे. आणि आतल्या कडेला तुमच्या दंडाची किंवा खांद्याची बारीकशी कड दिसू दे. ती कड कशाला? तिच्यामुळे मागची गाडी तुमच्याच रांगेत आहे की शेजारच्या, ते कळतं. कड दिसलीच नाही तर नुसता रस्ता दिसतो, पण तो नेमका कुठला हे कळत नाही. आणि अर्धा आरसा टी-शर्टने भरला असेल तर बाहेर वळवा.

यानंतरची चाचणी कुणी करत नाही, तुम्ही करा. सोसायटीच्या आवारात सायकलवर बसा. मित्राला मागून, तुमच्या उजव्या अंगाने, हात-दीड हात अंतर ठेवून चालत यायला सांगा. तो आरशातून गायब झाला की ‘थांब’ म्हणा. तिथून पुढे तो डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेपर्यंत त्याला हळूहळू चालू द्या. मधला जो पट्टा आहे, त्यात बाइक आरामात मावते. आरसा थोडा बाहेर वळवला की पट्टा कमी होतो, नाहीसा मात्र होत नाही. म्हणून सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना, किंवा उजवीकडे वळताना, आरसा बघितल्यावर खांद्यावरून एक नजर टाकायचीच. मागे डंपर नाही हे आरशाने आधी सांगितलेलं असतं, म्हणून ती नजर अर्ध्या सेकंदात उरकते.

काच सपाट की फुगीर? फुगीर घ्या. तिच्यात जास्त रस्ता मावतो. मात्र गाडी लहान दिसते, म्हणजे आहे त्यापेक्षा लांब वाटते. पहिले काही दिवस आरशात बघून लगेच मान वळवून खरं अंतर ताडून बघा, डोळ्याला सवय लागते.

येऊरच्या चढाला लागलात की शरीर पुढे झुकतं आणि आरशात आभाळ किंवा डांबर दिसायला लागतं. चढावर कोन बदलत बसू नका, तिथे गाड्याही हळू असतात. सपाटीचा आणि उताराचा कोन महत्त्वाचा. नवी मुंबईकरांसाठी एक वेगळी सूचना: सकाळी पाम बीच रोडवर बेलापूरहून वाशीकडे परतताना सूर्य पाठीशी, उजव्या अंगाला असतो आणि थेट आरशात चमकतो. तेवढ्यापुरता आरसा किंचित खाली झुकवा.

ड्रॉप हँडलवाल्यांनी, म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल असलेल्यांनी, विचारायच्या आत सांगते: तुमच्या हँडलचं टोक खाली असतं, तिथून मांडी आणि मागची बॅगच जास्त दिसते. तुम्ही हेल्मेटला चिकटणारा छोटा आरसा वापरून बघा. डोळ्याजवळ असल्याने तो लहान असूनही पुष्कळ दाखवतो.

आणि हो, पार्किंगमध्ये कुणी ना कुणी आरसा फिरवणारच. कोन पक्का झाला की सांध्यावर आरपार नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ जुळली की निघायचं.